वैशाखातले रान आणि आपली कोरी वही

अरण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास आढळते : ‘पूर्वी येथे घनदाट जंगल होते.’ स्मरणिकांत, सत्कारसमारंभांतील भाषणांत, घराण्यांच्या इतिहासांत आणि या पत्रिकेतील ललितलेखांतही हे वाक्य इतक्या वेळा येऊन गेले आहे, की ते वाचताना आता कोणी थबकत नाही. पूर्वी म्हणजे कोणत्या साली? येथे म्हणजे कडमच्या कोणत्या काठाला, की उटनूरकडच्या कोणत्या डोंगराखाली? घनदाट म्हणजे निव्वळ सागाचे, की ऐन, धावडा, तेंदू यांचे मिश्र रान? त्या रानात चैत्रात कोणता पक्षी बोलत असे आणि आज तो बोलतो की नाही? या प्रश्नांपुढे ते वाक्य मुके होते. हळहळ प्रामाणिक असेल. परंतु हळहळ म्हणजे साक्ष नव्हे. साक्षीला तारीख लागते, ठिकाण लागते, आणि पाहणाऱ्याने स्वतः पाहिलेले असावे लागते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की कव्वालच्या राखीव अरण्याभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी उन्हाळ्यातील रानाची नोंद पायी फिरून, तारीखवार आणि मराठीत ठेवली पाहिजे; आणि अशा नोंदी छापणे हे साहित्यसंस्थेचे काम आहे. यांतील दुसरे विधान पुष्कळांना खटकेल. ते का खटकू नये, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम आपलीच जबाबदारी का, हे पाहू. हा जिल्हा सीमांच्या बाबतीत फार अस्थिर राहिला. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानातून स्वतंत्र भारतात आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. उर्दू, इंग्रजी, तेलुगू अशी दप्तराची भाषा बदलत गेली आणि दप्तराची गावेही बदलली. कव्वालला १९६५ मध्ये अभयारण्याचा आणि २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे ८९३ चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती सुमारे ११२० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र असा त्याचा विस्तार असून आज तो एकाहून अधिक जिल्ह्यांच्या कारभारात विभागला गेला आहे. अशा प्रदेशाची सलग आठवण सरकारी कपाटात सापडेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. ती सापडली तर जी माणसे जागा न सोडता राहिली त्यांच्याकडेच सापडेल. गोंड आणि कोलाम समाजांकडे ती आहे; परंतु ती बहुतांशी मौखिक आहे. लेखणी ज्यांच्या घरात पिढीजात होती, ते आपण.

आणि या लेखणीने काय केले? १९३१–३२ मध्ये सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि ती मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. १९४० नंतर ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ मार्लवाईच्या गोंडांमध्ये राहिले, आणि आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये बाहेर आला. त्यांच्या पुढाकाराने गोंडी शाळांसाठी जी पुस्तके तयार झाली त्यांची लिपी देवनागरी होती, हेही या ठिकाणी आठवावे. मुंबईचा माणूस आला आणि पक्षी लिहून गेला. व्हिएन्नाचा माणूस आला आणि माणसे लिहून गेला. ज्यांच्या शेताचा बांधच रानाला लागलेला होता, त्यांच्या वह्यांत मात्र आणा-पै, पायली, कुडव आणि खंडी यांच्यापलीकडे फारसे काही उतरले नाही.

या वह्यांनाही मी कमी लेखत नाही. उलट त्यांच्याकडे नव्या दृष्टीने पाहावे, असे सुचवतो. ज्या घरांचा व्यवहार मोहफूल, चारोळी, डिंक, लाख यांत होता, त्यांच्या माळ्यावर जुनी रोजकीर्द अजून असेल, तर ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी खाली काढावी. मोहफुलाची त्या सालातील पहिली आवक कोणत्या मितीला झाली? चारोळी कधी आली? सलग वीस-पंचवीस वर्षांच्या अशा मित्या हाती आल्या, तर तो निव्वळ जमाखर्च राहत नाही. मोह कधी फुलला, चार कधी पिकली, याचा तो इतिहास होतो. जपानमधील क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या रोजनिशांतून आणि बखरींतून गोळा करण्यात आल्या आहेत. ज्यांनी त्या लिहिल्या ते दरबारी आणि भिक्षू होते. हवामानाचे शास्त्र त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांना फुलांचा उत्सव साजरा करायचा होता. परंतु त्यांनी तारीख लिहिली. म्हणूनच २६ मार्च २०२१ रोजी तेथे आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतील सर्वांत लवकरचा ठरला, असे निश्चयाने सांगता येते. आपला मोह आणि आपला पळस गेल्या शंभर वर्षांत पुढे सरकला की मागे, हे कोणी विचारले तर आपल्यापाशी उत्तर काय? ‘हल्ली सगळेच बदलले आहे हो,’ एवढेच.

आता उन्हाळाच का, याविषयी. आपल्याकडे रानाला जाण्याचा ऋतू म्हणजे श्रावण, अशी समजूत आहे. कुंटाला आणि पोचेरा येथील धबधब्यांवर पावसाळ्यात जत्रा भरते, छायाचित्रे निघतात, कविताही होतात. चैत्र-वैशाखात मात्र ‘रानात आहे काय? नुसता पाचोळा!’ असे सांगितले जाते. हे विधान अडाणीपणाचे आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. आपले रान पानगळीचे आहे. साग निष्पर्ण झाला, की जे आठ महिने झाकलेले असते ते उघडे पडते. घरटी दिसतात, ढोल्या दिसतात, खोडांवरील अस्वलाच्या नखांचे ओरखडे दिसतात. वाटेवरच्या फुफाट्यात रात्री कोण गेले ते सकाळी वाचता येते. नाले आटून डोह तेवढे उरतात आणि जनावरांच्या वाटा त्या डोहांकडे वळतात. पाहणाऱ्याला वर्षभरात यापेक्षा अनुकूल काळ नाही.

आणि हा काळ मुळीच निर्जीव नाही. फाल्गुनात पळस पेटून विझतो तोच कुसुमाला तांबडी पालवी येते. चैत्रात मोहाची फुले पहाटे टपटपतात. ती वेचायला माणसे येतात, चितळे येतात, आणि माणसे येण्याआधी अस्वले येऊन गेलेली असतात. वैशाखात बहावा पिवळा होतो, तेंदूपानांची तोड सुरू होते, मोहाच्या टोळंब्या भरू लागतात. राखी धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर वड-पिंपळांची फळे चोचीत भरून फटीतून तिला भरवीत असतो. पडीक माळावर टिटवी उघड्यावर अंडी घालते आणि उन्हाचा कहर झाला, की पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्या अंड्यांवर येऊन बसते. वानरे झाडावर चरताना खाली पाला आणि फळे टाकतात आणि चितळे ती खाली उभी राहून टिपतात. ज्येष्ठ लागतो तसा नवरंग दाखल होतो, पावशाचा आवाज चढत जातो, चातक येतो. वळवाचा पहिला शिडकावा झाला, की वारुळांतून पंखवाल्या वाळव्या बाहेर पडतात आणि मृगाचा मखमली किडा तांबड्या थेंबासारखा जमिनीवर दिसू लागतो. यांतील प्रत्येक घटनेला एक तारीख असते, आणि ती दर वर्षी तीच नसते. ती किती हलते, हाच तर आजचा खरा प्रश्न आहे. वर्षा उशिरा आली तर नवरंगाचे काय होते? वैशाखातच अवकाळी गारपीट झाली तर माळावरच्या अंड्यांचे काय होते? याची उत्तरे दूरच्या प्रयोगशाळेत नाहीत. ती नेरडिगोंडा, खानापूर, जन्नारम, इंद्रवेल्ली येथील वाटांवर आहेत.

येथे एक प्रतिष्ठित आक्षेप येतो : ‘हे वनखात्याचे काम आहे. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, माणसे आहेत. आपण मध्ये कशाला?’ या आक्षेपात आदरापेक्षा आळस अधिक आहे. खात्याची यंत्रणा प्रामुख्याने वाघासाठी उभी आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु वाघाच्या मोजणीचाही इतिहास आपण विसरू नये. अनेक दशके देशात पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे असे उघडकीस आले, की वाघ कागदावर आहेत, रानात एकही नाही. त्यानंतर ती पद्धत सोडून नमुना-पाहणी आणि कॅमेरे यांवर आधारलेली पद्धत आली. तिच्यानुसार देशातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १४११ होता आणि २०२२ मध्ये तो सरासरीने ३६८२ वर गेला. ही प्रगती आनंदाची आहे. पण जो कॅमेरा वाघाचे पट्टे टिपतो, त्याला मोह कधी फुलला हे ठाऊक नसते आणि टिटवीची अंडी किती उबली हेही ठाऊक नसते. वाघ मोजला म्हणजे रान मोजले, असे होत नाही.

तीच गोष्ट बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसण्याची. महाराष्ट्रातील अभयारण्यांत हा उपक्रम लोकप्रिय आहे आणि आपल्याकडील तरुणही हौसेने तिकडे जातात. चांदण्यात पाणवठा पाहण्याचा अनुभव मोलाचा आहे, याबद्दल वाद नाही. परंतु त्या आकड्यांना गणना म्हणणे चुकीचे आहे. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर येऊ शकते, ही एक अडचण. दुसरी अडचण पंचांगाची. २०२३ मध्ये बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी होती आणि २०२४ मध्ये २३ मे रोजी. ऐन उन्हाळ्यातील अठरा दिवस म्हणजे दोन डोह आटण्याचा अवधी. पाणी कमी झाले म्हणून उरलेल्या पाण्यावर जनावरे अधिक दिसली, तर ती वाढली असे म्हणायचे काय? आपल्या पूर्वजांना हे कळत होते. म्हणून तर शेतीची कामे त्यांनी तिथीवर न ठेवता रोहिणी, मृग, आर्द्रा या सूर्यनक्षत्रांवर ठेवली. नक्षत्र इंग्रजी तारखेशी जवळजवळ स्थिर राहते; तिथी अधिकमासाच्या चक्रात पुढे-मागे होते. नोंद ठेवणाऱ्याने तिथी जरूर लिहावी. पण तारीख आणि नक्षत्र यांच्यावाचून ती अपुरी आहे.

वाघाचीच गोष्ट घ्यायची तर तीही आपल्या बाजूने साक्ष देते. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे. तेथील एका तरुण वाघाला २०१९ च्या प्रारंभी रेडिओ पट्टा बांधण्यात आला. तो त्या साली निघाला तो आपल्या आदिलाबादच्या हद्दीतून आणि नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशा जिल्ह्यांतून फिरत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. हजार किलोमीटरहून अधिक चालीचा प्रत्येक टप्पा उपग्रहाने टिपला. परंतु तो जेथून गेला ते नाले, ती झुडपे, कापूस निघून गेलेली ती शेते कोणाची होती? त्या नाल्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होते? बांधावरची पळसाची झुडपे राहिली होती की तोडली गेली होती? राखीव अरण्य हे नकाशावरच्या रेषेत संपत नाही. ते आपल्या बांधापर्यंत येते. आणि बांधापर्यंतची नोंद बांधावरचा माणूसच ठेवू शकतो.

ही नोंद नसण्याची किंमत काय असते, याचे ताजे उदाहरण समोर आहे. ताडोबा आणि कव्वाल यांना जोडणारा आसिफाबादकडील सुमारे १४९३ चौरस किलोमीटरचा वनप्रदेश ‘कुमरम भीम संवर्धन राखीव’ म्हणून घोषित करणारा आदेश तेलंगण शासनाने ३० मे २०२५ रोजी काढला. आदिवासींचा तीव्र विरोध झाला आणि जुलैमध्ये तो स्थगित ठेवण्यात आला. या वादात कोणाचे खरे, हा या लेखाचा विषय नाही. परंतु अशा वेळी एका बाजूला नकाशे आणि कॅमेऱ्यांची चित्रे असतात, दुसऱ्या बाजूला आदिवासींचा हक्क आणि त्यांचा पिढ्यांचा वावर असतो. आणि त्याच भूमीवर शंभर-शंभर वर्षे शेती करणारे मराठी घर हाती काहीच नसल्यामुळे एक तर गप्प बसते किंवा आवेशाने बोलते. कोणत्या रानात कोणत्या ऋतूत कोण वावरते, माणूस आणि जनावर एकाच पाणवठ्यावर कसे नांदतात, हे दहा वर्षांच्या साध्या वहीने दाखवले असते तर तिला कोणीही बाजूला सारू शकले नसते.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभरातील गिधाडे झपाट्याने मेली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पुढे २०१३ मध्ये बेज्जूरकडील पालारापू कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत असल्याचे उजेडात आले आणि सर्वांना आनंद झाला. परंतु ‘आढळली’ हे क्रियापद येथे विचित्र आहे. ती तेथे कधीपासून होती? तीस वर्षांपूर्वी किती होती? आसपासच्या गावांतील म्हाताऱ्यांना ती दिसत असणारच. मात्र दिसणे आणि नोंदणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरात एखादी जात नाहीशी होऊन जाते आणि ती नाहीशी झाल्याचाही पुरावा उरत नाही.

आता साहित्याचा आक्षेप. ‘पक्ष्यांच्या याद्या म्हणजे साहित्य नव्हे, पत्रिकेची पाने त्यासाठी नाहीत.’ हे म्हणणाऱ्यांनी मराठीतील अरण्यवाङ्‌मय पुन्हा एकदा उघडून पाहावे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे त्यांनी जे पाहिले ते नोंदले, आणि त्या नोंदींतून त्यांचे साहित्य उभे राहिले. त्यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द मराठीला दिले. २००६ च्या सोलापूर साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते यादी करणारा म्हणून नव्हे, हे खरे; पण याद्या केल्यावाचून ते तेथवर पोचले नसते, हेही तितकेच खरे. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आपण सर्वांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. त्यांची वही पुढे चालवणारे हात मात्र त्या श्रद्धांजल्यांत दिसले नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळीवरील कादंबरी घ्या. निरीक्षण काढून घेतले तर तिच्यात काय उरेल? अचूकपणा रसाला मारतो, हा गैरसमज ज्यांनी रान पाहिलेले नाही त्यांनी पसरवला आहे. ‘रखरखीत उन्हात एक अनामिक पाखरू आर्त साद घालत होते’ या वाक्यात रसही नाही आणि ज्ञानही नाही. पाखराला नाव आहे; लेखकाला ते ठाऊक नाही, एवढाच ‘अनामिक’ या शब्दाचा अर्थ.

नावांचा प्रश्न भाषेच्या जिवंतपणाचाही आहे. पावशा ओरडला, की मराठी शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे ऐकू येते. हिंदी कानाला तोच स्वर ‘पी कहाँ’ असा विरही वाटतो. साहेबाला त्यात डोक्यात शिरलेला ताप ऐकू आला. एका पाखराच्या आवाजात प्रत्येक भाषेने आपले जगणे ऐकले आहे. आपली मुले तेलुगू माध्यमात आणि इंग्रजी माध्यमात शिकतात, त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण रातवा, हळद्या, टकाचोर, तांबट, नवरंग हे शब्द जर घरातील कोणी उच्चारलेच नाहीत, तर मातृभाषेच्या नावाने वर्षातून एकदा सभा भरवून काय साधणार? ‘मराठीत लिहिले तर वाचणार कोण?’ या शंकेचे उत्तर सोपे आहे. नोंद मराठीत ठेवावी आणि नावांपुढे तेलुगू व गोंडी नावांचे रकाने ठेवावेत. मोहाला तेलुगूत इप्प म्हणतात, पळसाला मोदुग, तेंदूला तुनिकी. तेलंगणाचा राज्यपक्षी पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख. गोंडी रकाना आपण ऐकीव माहितीवर भरू नये. शेजारच्या गुड्यातील जाणत्याला विचारून, त्याचे ऋण मान्य करून भरावा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करणे अपेक्षित आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा हिरिरीने पुरस्कार केला होता. तीन भाषांत नावे असलेली आपली वही त्या नोंदवहीला थेट उपयोगी पडेल.

तिसरा आक्षेप ज्येष्ठांचा : ‘आम्हाला वही लागत नाही, आम्ही खुणांवरून जाणतो.’ टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर बेताचा. कावळ्याने आंब्यावर घर केले तर साल बरे, काटेरी झाडावर केले तर अवर्षण. या ठोकताळ्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. पण ते डोळे मिटून मानणाऱ्यांपैकीही नाही. ते खरे की खोटे हे ठरवण्याचा मार्ग एकच आहे. पंधरा उन्हाळे टिटवीची घरटी कोठे होती ते लिहा, आणि त्या पंधरा सालांचा पाऊस शेजारी मांडा. ठोकताळा टिकला तर पूर्वजांची दृष्टी सिद्ध झाली; पडला तर एक भ्रम गेला. दोन्हींत लाभच आहे. न लिहिता मात्र श्रद्धाही निराधार राहते आणि अश्रद्धाही.

पद्धत अवघड नाही. अभयारण्याच्या आत परवानगीवाचून पायी फिरता येत नाही, आणि तो नियम पाळलाच पाहिजे. पण अभयारण्याच्या भोवतीने आपली गावे, शिवार, तलावांचे बांध आणि सार्वजनिक वाटा पसरलेल्या आहेत. कडमच्या जलाशयाचा काठ आहे. त्यांतील दोन-तीन किलोमीटरची एकच वाट निवडावी आणि फाल्गुनापासून मृगापर्यंत आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी, उजाडल्यावर त्याच वाटेने चालावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा आठच्या आत परतावे. मोहाच्या दिवसांत अंधारात निघू नये. अस्वलाशी गाठ पडण्याची वेळ तीच असते. एकट्याने जाऊ नये. निघण्याची आणि परतण्याची वेळ लिहावी. जे दिसले ते किती, कोठे, काय करताना, हे लिहावे. केवळ ऐकले असेल तर ‘ऐकले’ असे लिहावे. ओळखू आले नाही तर ‘अनोळखी’ लिहून रंग, आकार, चाल टिपावी. अंदाजाने नाव देऊ नये. डोहात पाणी आहे की नाही ते पाहावे. जाळ झाला असेल तर किती झाडांखाली, तेही लिहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे दिसले नाही ते लिहावे. ‘आज नीलपंख नाही’ ही ओळ रिकामी नसते. अशा पाच ओळी सलग आल्या की ती वार्ता होते.

दोन पथ्ये मात्र कडक असावीत. वाघ, बिबट्या यांचे ठिकाण आणि दुर्मीळ पक्ष्याचे घरटे नेमक्या पत्त्यासह छापू नये; ते वाचणारे सगळेच सज्जन नसतात. आणि रानात सरपण, मोह, तेंदू वेचणाऱ्या गोंड-कोलाम शेजाऱ्यांची नावे किंवा हालचाली या वहीत येऊ नयेत. ही वही रानाची आहे. ती शेजाऱ्याविरुद्धचा पंचनामा होता कामा नये. शेती करण्यासाठी ज्यांच्या रानात आपली घरे आली, त्यांच्याशी एवढी मर्यादा पाळणे हे उपकार नसून कर्तव्य आहे.

तेव्हा या पत्रिकेच्या संपादक मंडळापुढे माझी मागणी अशी : येत्या प्रत्येक वर्षाच्या पावसाळी अंकात चार पाने ‘उन्हाळ्याची वही’ म्हणून राखून ठेवावीत. तीत विशेषणे नसली तरी चालतील. तारीख नसलेली ओळ मात्र घेऊ नये. जागा कोठून काढायची, असे विचारले जाईल, तर पूर्वीच्या घनदाट जंगलाविषयीचा एक लेख दर वर्षी कमी करावा. बेला-जैनथपासून जन्नारमपर्यंत आपली जी घरे विखुरली आहेत त्यांपैकी दहा घरांनी जरी एकेक वाट धरली, तरी दहा वर्षांनी या जिल्ह्याच्या उन्हाळ्याविषयी काही विचारायचे असेल तर अभ्यासकाला आपल्या दाराशी यावे लागेल. आणि आज सातवी-आठवीत असलेली आपली नातवंडे त्या वेळी ‘पूर्वी येथे’ असे वाक्य सुरू करतील, तेव्हा त्यांना साल आणि वाट दोन्ही सांगता येतील.